खेळपट्टीवरची चार अंडी

एल्वा क्लिंगेने तीस वर्षं आमच्या मिरिंगा गावच्या शाळेची बस चालवली. ती निवृत्त झाली त्याच वर्षी क्रिकेट क्लबचा माळी मुलीकडे शहरात राहायला गेला, आणि मैदानाची किल्ली एल्वाने मागून घेतली. क्लबच्या सभेत कुणीतरी विचारलं, "तुला खेळपट्टीतलं काय कळतं?"

"काही नाही. शिकेन," ती म्हणाली. आणि शिकली.

रोज सकाळी मैदानात चरणारे वीस-पंचवीस कांगारू बादली बडवून हाकलायचे, त्यांच्या लेंड्या गोळा करून घरच्या टोमॅटोंना घालायच्या, मग रोलर काढायचा. रोलरच्या सीटवर जाडा सरडा ऊन खात पसरलेला असला तर म्हणायची, "ऊठ रे, माझी पाळी." मी क्लबचा धावफलक लिहितो, म्हणून हे सगळं जवळून बघत आलोय.

गेल्या सप्टेंबरात, हंगामाला महिना उरला असताना, टिटवीने मधल्या खेळपट्टीवर चार अंडी घातली. ना काडी, ना गवत. मातीत नुसता खळगा, आणि तोही नेमका चेंडू टप्पा घेतो तिथे, गुड लेंग्थवर. टिटवी म्हणजे मूठभर जीव आणि गावभर आवाज. त्यातून आमच्याकडच्या टिटवीच्या पंखाला काटा असतो, मांजराच्या नखासारखा.

आमचा कर्णधार डार्सी हॅबल तणतणत आला. "एल्वा, उचल ती अंडी आणि ठेव कुंपणापाशी."

"हलवली की ती टाकून देईल."

"मग आम्ही खेळायचं कुठे?"

"कडेच्या पट्टीवर. तयार करते मी."

"अगं, तिथून आठ पावलांवर बसलीय ती! एकेकाचे डोळे फोडेल."

"डार्सी, पाचवीत असताना तू बसमध्ये पोरांना चावायचास. तुला वळण लावलंच ना मी?"

डार्सी आला तसाच तणतणत परत गेला.

दुसऱ्या दिवशी एल्वाने आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर उपडा घातला, टिटवी मागून झडप घालते म्हणून त्याच्या मागच्या बाजूला शाईने दोन मोठे डोळे काढले आणि रोलर सुरू केला. नर-मादी दोघंही तुटून पडली. तिने ना वेग वाढवला, ना कमी केला. रोज तासभर, रोज एक पाऊल जवळ. पहिल्या आठवड्यात तीन डबे फाटले आणि कानाच्या पाळीला दोन टाके पडले. बाराव्या दिवशी टिटवी नुसती ओरडली. अठराव्या दिवशी तिने मान वळवून पाहिलं, बस.

मग एल्वाने मला बॅट देऊन पट्टीवर फेऱ्या मारायला लावल्या.

"मला कशाला?" मी कुरकुरलो.

"तू लांबून माणसासारखा दिसतोस. तिला माणसांची सवय हवी."

पहिला सामना कॅसलबर्नशी होता. एल्वाने घरट्याभोवती चुन्याचं रिंगण आखलं आणि नियम सांगितला, चेंडू रिंगणात गेला की दोन धावा, आणि आणायला फक्त ती जाणार. कॅसलबर्नचा कर्णधार मॅक्लीश खो खो हसला.

"आजीबाई, हे क्रिकेटचं मैदान आहे की कोंबड्यांचा खुराडा?"

"आजी व्हायला आधी मुलं लागतात, ती मला झाली नाहीत. नियम मान्य आहे का?"

"अंडीच उचलतो, म्हणजे नियम नको नि काही नको," म्हणत तो तरातरा रिंगणात शिरला.

आता टिटवीला सवय होती ती कडेने जाणाऱ्यांची. अंड्यांवर हात घालणाऱ्याची नव्हे. दोन्ही पक्षी समोरून आणि मागून एकदमच आले. मॅक्लीशची टोपी उडाली, मग गॉगल, आणि सहा फूट तीन इंचांचा तो गडी डोकं दोन्ही हातांत धरून थेट आमच्या चहाच्या टेबलाखाली घुसला. क्लबातल्या बायकांनी केलेल्या लॅमिंग्टनची, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेल्या केकच्या तुकड्यांची, अख्खी परात त्याच्या पाठीवर सांडली.

एल्वा डबा घालून संथपणे गेली, टोपी उचलून आणली आणि टेबलाखाली वाकून म्हणाली, "मान्य?"

"मान्य," टेबलाखालून आवाज आला. पाठीला खोबऱ्याचा कीस चिकटलेला, तसाच तो खेळला.

आम्ही एका धावेने हरलो. शेवटच्या षटकात डार्सीने मारलेला सणसणीत फटका सीमेकडे निघाला होता. तो रिंगणात शिरला आणि चाराच्या दोनच धावा मिळाल्या. डार्सी बॅट आपटत आला. "एल्वा, तुझ्या त्या पाखरामुळे हरलो!"

"मग हवेतून मारायचा होतास."

सोमवारी तीन पिल्लं निघाली. चौथं अंडं फुटलंच नाही. दुपारपर्यंत काटकुळ्या पायांवरची ती तिघं आईबापांमागे ओढ्याकडे चालती झाली. एल्वा तोवर कुंपणाशी उभी होती. मंगळवारी पहाटे तिने खळग्यात काळी माती भरली, पाणी मारलं आणि रोलर चढवला. मधली पट्टी तयार व्हायला तीन आठवडे लागतील, असं समितीचं म्हणणं होतं. तिने ती अकरा दिवसांत खेळायला दिली.