गेटवर उघडलेली गॅलरी

फेब्रुवारीतला पहिला सोमवार. फोन एकोणीस हजार चारशेचा, परवाच घेतलेला. हजर माणसं तीन: मी, वॉचमन आणि ज्यांचं किचन मी नुकतंच मोजलं होतं ते साहेब. साहेब त्या सोसायटीचे सेक्रेटरी. माजिवड्याच्या टॉवरचं गेट बंद होतं आणि माझा फोन त्यांच्या हातात होता.

"जाताना गॅलरी दाखवायची असते. बाहेरच्यांना नियम आहे."

लॉक मीच उघडून दिलं. किचन ट्रॉल्यांच्या दुकानासाठी मी मापं घेतो. ओट्याचे, नळाचे फोटो काढावे लागतात. जुन्या फोनमध्ये ते धूसर यायचे, म्हणून हा घेतला.

त्यांच्या किचनचे तीन फोटो होते. ते बघून झाले. बोट थांबलं नाही. पुढे माझं घर आलं.

विठ्ठलवाडीची आमची खोली. शनिवारी मुलीने काढलेला फोटो. बायको केस मोकळे सोडून पलंगावर बसलेली, मागे भिंत. त्या संध्याकाळी आम्ही तिघं स्क्रीनवर डोकी टेकवून बसलो होतो. रंग असे की आपलीच चादर नवी वाटावी. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर. मुलगी म्हणाली, "पप्पा, झूम करा ना. खिशातलं पेन पण दिसतंय."

बायको म्हणाली, "आणि भिंतीचे पोपडे? चुगलखोर आहे तुमचा फोन."

सेक्रेटरींनी त्याच फोटोवर दोन बोटं फाकवली. आधी बायकोचा चेहरा. मग भिंत. मग तसबीर.

"कॅमेरा चांगलाय." थोडं थांबून, "अच्छा. म्हणजे तुम्ही त्यातले."

मी हसलो. हे लिहायलाच हवं. बावीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांत असाच हसत आलो. सगळे काका म्हणतात. कुणी आडनाव विचारलं तर गावाचं नाव सांगून वेळ मारून न्यायची.

"मापं झाली ना? मग बसवायला दुसरं कोणी पाठवा. आमचं देवघर किचनमध्येच आहे. तुम्ही समजूतदार आहात."

त्याच देवघराशेजारी, हातात टेप धरून, मी थोड्या वेळापूर्वी त्यांच्याकडचा चहा प्यायलो होतो.

बोट पुन्हा सरकलं. पुढचा फोटो मुलीचा.

"फोन द्या," मी म्हणालो.

"अहो, चेकिंग चालूय."

"चेक करायचे तीनच होते. फोन द्या."

"गेट उघडू नकोस रे," ते वॉचमनला म्हणाले.

वॉचमन जमिनीकडे बघत राहिला. मागे लिफ्ट, पुढे लोखंड. मी हात पुढे धरून उभा. हसलो नाही.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. राहणाऱ्यांसाठी गेट उघडावंच लागतं. चार लोकांसमोर तमाशा नको म्हणून त्यांनी फोन माझ्या हातावर ठेवला. त्यांच्या किचनचे तिन्ही फोटो मी त्यांच्यासमोर डिलीट केले. मापांचा कागद फाडला. माप घ्यायचे म्हणून त्यांनी दिलेले पाचशे परत केले आणि गाडीच्या बाजूने बाहेर पडलो.

दुकानाचे मालक म्हणाले, "काका, एवढं काय मनाला लावून घेता?"

फोनच्या स्क्रीनवर आता बायकोचा आणि तसबिरीचा तोच फोटो आहे. लॉक उघडायच्या आधी दिसतो. टेप काढण्यापूर्वी, दारातच, मी आडनावासकट नाव सांगतो. दोन कामं त्यावरून गेली. जाऊ देत. नाव सांगणं थांबणार नाही.

ते पाचशे दुकानाचे होते. मालकांना पगारातून भरले. सेक्रेटरींचं माझ्याकडे काही बाकी नाही. हसणंसुद्धा.