आप्पांचे नाकतोडे

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये, माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या आप्पांएवढा मोठा आवाज परमेश्वराने दुसऱ्या गळ्याला दिलेला नाही. उभा जन्म वडगावच्या विणकर वस्तीत, मागाच्या खडखडाटात गेलेला. ते कानात कुजबुजले तरी पार लांबच्या सदलगा गावची कुत्री उठून बसत. घरी पाळलेल्या नाकतोड्यांशी मात्र हाच माणूस हळूच बोलायचा.

नाकतोड्यांचा महाल त्यांनी स्वतः बांधला होता. लाकडी खोकं आणि समोर जाळी म्हणून जुन्या हातमागाची फणी. "हिच्या दातांतनं वारा जातोय, नाकतोडा न्हाय," म्हणायचे. तळाला अंडी घालायला ओलसर वाळू, आणि कात टाकताना उलटं लटकायला उभ्या काटक्या. त्या वेळी खोक्याजवळ कुणी शिंकलं तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. एक मादी तर खाऊन खाऊन अशी माजली होती, की तिला दोरी लावून फिरवावं लागणार असं मला वाटे.

"शिळं गवत त्यास्नी चालत न्हाय," हा आप्पांचा कायदा. त्यामागे कारण होतं. बसमधून उतरताना ते पडले, तेव्हापासून मुलाने एकट्याने बाहेर जायला बंदी घातली होती. घराची किल्ली सुनेच्या कमरेला. गवतापुरती सुटका, तीही पहारेकरी म्हणून मला सोबत घेऊन. खाली उतरलो की आप्पा थेट रिक्षात बसत आणि म्हणत, "गवत लई लांब गेलंय रं अलीकडं!" मग वडगाव. जुन्या दोस्ताच्या मागाशेजारी बसायचं, तुटलेला धागा हौसेनं जोडून द्यायचा, आणि येताना रस्त्याकडेचं मूठभर गवत उपटायचं.

सून मायाळू. एकदा जिना चढून आलेल्या आप्पांना धापा टाकताना तिनं पाहिलं, आणि गुपचूप बाल्कनीत ट्रेमध्ये गवत पेरलं. ते हातभर वाढल्यावर तिनं आम्हा दोघांना बोलावून दाखवलं.

"आता तुमची दगदग संपली बघा, आप्पा. खाली उतरायचं कामच न्हाय."

आप्पांनी त्या गवतावरून हात फिरवला. "ग्वाड उगवलंय की गं," एवढंच म्हणाले. पोरीचा चेहरा असा फुलला होता, की मलाही खरं बोलवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोकं बाल्कनीत आणलं आणि फणी काढून टाकली. "जावा रं," म्हणाले, "समदं बेळगाव मोकळं हाय."

नाकतोड्यांनी उड्या मारल्या त्या सरळ ट्रेमध्ये, आणि चरायला लागले. बाल्कनीच्या गजांपलीकडे एकही गेला नाही.

"थांबा, जातील," मी म्हणालो.

"न्हाय रं," आप्पा खुर्चीत बसत म्हणाले. "त्यास्नी बी सूनबाईचं मन मोडवंना."