रस्ता ओलांडताना दाखवलेला हात

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काल पहिल्यांदाच एकटी बाहेर पडले. मेट्रोतून ऐटीत उतरले खरी, पण समोरचा रस्ता काही ओलांडता येईना. पलीकडे बहिणीची इमारत, गॅलरीत वाळणारी तिची हिरवी साडीसुद्धा दिसत होती, आणि मधे गाड्यांचा लोंढा. सून म्हणाली होती, "आई, नाही जमलं तर फोन करा, मी येते." तो फोन काही मला करायचा नव्हता बाई.

शेजारी कॉलेजच्या तीन मुली उभ्या होत्या. म्हटलं, यांच्यामागून जावं. पण त्याही जागच्या हलेनात. शेवटी मीच पदर खोचला, तळहात पुढे केला आणि पाऊल टाकलं. एवढी थोरली बस, पण थांबली की! ड्रायव्हरनं काचेआडून मान हलवली, जा म्हणून.

मला नेहमी नवल वाटतं, हा हात दाखवायला आपल्याला शिकवतं कोण? नुसता रिकामा तळहात, तसबिरीतल्या देवाचा असतो तसा. देव आशीर्वाद देतो, आपण विनवणी करतो, एवढाच काय तो फरक.

पलीकडे पोचून वळून बघते, तर तिघी माझ्या मागोमाग! म्हटलं, "अगं, तुम्ही तरण्याताठ्या, एवढा वेळ खोळंबलात कशाला?"

एक हसत म्हणाली, "आजी, आमच्यासाठी कोण थांबतंय? कुणीतरी आजी यायचीच वाट बघत होतो."

परतताना पुन्हा तोच रस्ता आला. या खेपेला हात पुढे करायच्या आधी मागे वळून पाहिलं, कुणाला यायचंय का.