दोन कॉलेजांचा एकच मांडव

सुनंदा गेल्याचा फोन तिच्या नवऱ्यानं, आप्पांनी केला. मी शहापूरच्या आमच्या कॉलेजात तास संपवून वर्गाबाहेर येत होते. "ताई, सुनंदा नाय राह्यली," एवढंच ते बोलले... आणि मी व्हरांड्यातच, माणसांदेखत रडले. आता दोन महिने लोटलेत. रडू ओसरलंय, राग तेवढा उरलाय. इतक्या घाईनं जायचं हिचं काय अडलं होतं?

ती मुरबाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, मी इकडं प्राणिशास्त्र. दोघींच्याही हाताखाली सिद्धगडच्या जंगलात नुकतीच संशोधनाला लागलेली मूठभर मुलं. हुशार, पण आपलं काम दुसऱ्याला दाखवायचं म्हटलं की वह्या मिटून घेणारी. त्यांना मिळून काम करायला शिकवावं म्हणून दोन्ही कॉलेजांनी वेगवेगळं प्रशिक्षण ठरवलं, तर सुनंदाचा फोन आला. "अगो, दोन मांडव कशाला घालायचे? एका वर्षी तुमच्याकडं, एका वर्षी आमच्याकडं. पोरं एकत्रच बसतील." दोन्ही प्राचार्यांचा तिनं इतका पिच्छा पुरवला की शेवटी कंटाळून ते हो म्हणाले.

पहिलं प्रशिक्षण तिच्या गावी टोकावड्याला, तिच्याच अंगणात झालं. सकाळी चर्चा, दुपारचा स्वयंपाक मुलांनी करायचा. त्यांनी कामं अगदी शिस्तीत वाटून घेतली, फक्त मीठ कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. मग तिघांनी, एकमेकांना न विचारता, वरणात मीठ घातलं. पहिल्या घासालाच सगळ्यांचे हात पाण्याकडं गेले. सुनंदा पोट धरून हसली. "मीठ टाकलं काय, एवढं इचारायला जीभ जड झाली व्हती? मंग सिद्धगडच्या रानात काय इचारणार रे तुमी?" वरणात पाणी घालून तिनं ते सगळ्यांना खायला लावलं. त्याच वर्षी तिची एक विद्यार्थिनी आणि माझा एक विद्यार्थी सिद्धगडच्या एकाच ओढ्यावर मिळून काम करू लागले.

शेवटचं भेटले तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती. म्हणाली, "मी गेल्यावर जो तो आपापला बॅनर लावील बघ."

"मी आहे ना!"

"तू एकटी काय करशील गो? पोरांना वाटलं पायजे."

मला ते लागलं. पण झालं तिच्या म्हणण्यासारखंच. महिनाभरात दोन्हीकडं स्वतंत्र प्रशिक्षणाची भाषा सुरू झाली. मी प्राचार्यांशी भांडभांड भांडले, उपयोग शून्य.

हललं ते मुलांमुळं. दोन्ही कॉलेजांतली मुलं मिळून दोन्ही प्राचार्यांकडं गेली आणि वेगळं घेतलंत तर आम्ही येणार नाही, असं सांगून आली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही! गेल्या रविवारी आमच्याकडं प्रशिक्षण झालं. स्वयंपाकासाठी मुलांनी टोकावड्याहून सुनंदाचा मोठा टोप मागून आणला होता, काठावर तिचं नाव कोरलेला. जेवणं झाल्यावर तो घासून त्यांनी आमच्या प्रयोगशाळेत पालथा घातला.

संध्याकाळी मी आप्पांना फोन केला. म्हटलं, "टोप उद्या पोचवते."

"पुढल्या वर्षी मुरबाडला लागंल ना?"

"लागेल."

"मंग ऱ्हाव दे तुमच्याकडंच," आप्पा म्हणाले. "घरात आता एवढं कोनासाठी शिजवायचं?"