गोठ्यातली साडी

निमोण्याच्या जयसिंग आप्पांना ओळखत नाही असं माणूस दोन तालुक्यांत सापडायचं नाही. शिरूरपासून दौंडपर्यंत वाढदिवसाचा कुठलाही फ्लेक्स बघा, खालच्या रांगेतला एक गोल चेहरा त्यांचा. लग्नात ते अक्षता पडायच्या आधी पोहोचतात आणि न जेवता निघतात, कारण त्याच मुहूर्तावर आणखी दोन लग्नं असतात. दशक्रियेला नदीकाठी माइक हातात आला की ‘आमच्या घरातलंच माणूस गेलं’ म्हणतात. मयताचं नाव तेवढं शेजारच्याला विचारून घेतात. माणसं जोडावी लागतात, असं त्यांचं म्हणणं. पाइप जोडावेत तशी त्यांनी ती जोडलीही. त्यातून पाणी येतं का, हे कुणी पाहिलं नव्हतं.

घरात सोजराबाई आणि एक म्हैस. म्हशीचं रेडकू तिसऱ्या महिन्यात मेलं, तेव्हापासून ती फक्त सोजराबाईच्या हाताला पान्हा सोडायची.

सोजराबाईचा एक डोळा दहा वर्षांपूर्वी उसाचं पातं लागून गेलेला. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, तेव्हा लेक नीलम तिला दौंडला आपल्या घरी घेऊन गेली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं : पंधरा दिवस वाकायचं नाही, धूळ-धूर नको, गोठ्यात तर पाऊलसुद्धा नाही. हा डोळा गेला तर सगळंच गेलं.

‘म्हशीचं काय?’ हा तिचा पहिला प्रश्न.

‘मी हाय की,’ आप्पा म्हणाले. ते सगळीकडेच असत.

पहिल्या सकाळी म्हशीनं बादली लाथाडली. संध्याकाळी आप्पांना लाथाडलं. दुसऱ्या दिवशी सडं ओढून ओढून तांब्याभर दूध निघालं. कास दगडासारखी लागायला लागली, तेव्हा त्यांनी जनावरांचे डॉक्टर सत्यजीत यांना बोलावलं.

‘आप्पा, दूध हाय कासेत, पण ती सोडत न्हाई. ओळखीचा हात, ओळखीचा वास आला की मेंदूतनं एक रस सुटतो, मग पान्हा येतो. भ्याली की तो रस आटतो.’

‘मला भ्याली ती? सगळा तालुका मला ओळखतो.’

‘म्हैस तालुक्यात येत न्हाई.’

‘आन् त्या रसाचं इंजेक्शन मिळतं म्हणं?’

‘त्याला बंदी हाय. दूध निघंल एक वेळ, ओळख न्हाई व्हायची. तोच रस माणसात बी असतो बरं का. बाळाला पाजताना येतो, जवळ बसल्यावर येतो, पाठीवरनं हात फिरवल्यावर येतो.’

‘आमच्या वेळंला नव्हतं असलं काय,’ आप्पा म्हणाले.

वास, एवढा शब्द मात्र त्यांनी धरला. कपाट उघडून त्यांनी सोजराबाईची सगळ्यात भारी साडी काढली. नीलमच्या लग्नातली, जरीच्या काठाची. मोठ्या पाहुण्याकडं जुनेर नेसून जायचं नसतं, एवढी रीत त्यांना ठाऊक होती. पँटवरूनच ती गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन ते गोठ्यात शिरले. डांबरगोळ्यांचा वास आधी पोहोचला. म्हशीनं दावं तोडलं.

त्या संध्याकाळी त्यांनी शेजारच्या गोठ्यातलं दूध आणून सोजराबाईच्या नावावर डेअरीत घातलं. खातं तिचं, त्यामुळं लिटर-फॅटचा मेसेज तिच्याच मोबाइलवर गेला. नीलमनं तो वाचून दाखवला आणि लगेच फोन आला.

‘अहो, फॅट पाच पॉइंट आठ कसा? आपलं सातच्या खाली येत न्हाई. कुणाचं दूध हाय ते?’

आप्पांनी फोन या कानावरून त्या कानाला नेला. सभेत त्यांना कधी शब्द कमी पडला नव्हता.

‘पान्हा सोडत न्हाई ना? उद्या पहिल्या एसटीनं येते.’

‘अगं, डोळा...’

‘डोळ्याचं बघू. तिची कास सुजली म्हंजी?’

‘एक दिवस थांब. फक्त उद्याचा.’

कुंपणापलीकडून शेजारची बानूबाई सगळं बघत-ऐकत होती. तिनं तोंडाला पदर लावला, पण हसू काही आत राहिलं नाही. ‘आप्पा, म्हशीला काय हळदी-कुंकवाला बोलवायचंय? ती खुंटीवरची घ्या की, सोजराबाई रोज धारंला नेसती ती. आन् तो मोबाइल बाहेर ठेवा. किती बोंबलतोय.’

खुंटीवरच्या साडीला शेण, पेंड, घाम आणि आणखी कसला तरी वास होता. आप्पांनी ती नाकाशी धरली. कशाचा वास, ते त्यांना सांगता येईना.

‘तिचाच वास हाय तो,’ बानूबाई म्हणाली.

अठ्ठावीस वर्षांच्या संसारानंतर हे त्यांना शेजारणीनं सांगितलं. म्हशीला कुणी सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं पदर हुंगला, मान खाली घातली. आप्पा तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. काय बोलावं कळेना. ‘उपस्थित मान्यवर’ तोंडाशी आलं, ते त्यांनी गिळलं. मग नुसताच हात फिरत राहिला. सहाला वडगाव रासाईच्या दशक्रियेला निघायचं होतं. आमदार येणार होते. सहा वाजले. सव्वासहाला कास सैल झाली आणि सडातून दुधाची धार आली.

तिकडं दशक्रिया उरकली. आप्पा का आले नाहीत म्हणून फोन येईल, या आशेनं त्यांनी दिवसभर मोबाइल हातातून सोडला नाही. ग्रुपवर फोटो आले. त्यात सगळे जरा जरा सरकून उभे होते. कुठं जागा रिकामी दिसत नव्हती.

संध्याकाळी एकच फोन आला, दौंडचा.

‘सोडला का पान्हा?’

‘सोडला. दोन्ही टाइमाला. तुझी गोठ्यातली साडी नेसलोय.’

पलीकडं नीलमचं हसणं ऐकू आलं, सोजराबाईचं नाही.

‘मग मी पंधरा दिवस पुरं करून येते,’ ती म्हणाली आणि फोन ठेवायला लागली.

‘थांब,’ आप्पा म्हणाले. ‘तुझा डोळा कसा हाय?’

मग ती काळजीनं म्हणाली, ‘अहो, तुम्हाला ताप-बीप आलाय का?’