आप्पांनी पाहिलेला माझा गोल

मी मुंबईत एका गिरणीच्या टीमकडून पगार घेऊन फुटबॉल खेळलो आणि त्या सगळ्या वर्षांत एकही गोल केला नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी मिडफिल्डर होतो. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा, एवढंच माझं काम. (आमच्या टीममधले बाकीचे मिडफिल्डर अधूनमधून गोलही करायचे, पण तो त्यांचा स्वभाव!)

आमच्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, हे पटवणं अवघड होतं. त्यांचं अंबाजोगाईत कापडाचं दुकान. एकुलता एक पोरगा गादीवर बसायचं सोडून चेंडूमागं पळतो, हे दुःख ते गिऱ्हाइकांसमोर मोठ्या धीरानं सोसत. मी सुट्टीत आलो की पहिल्याच घासाला प्रश्न यायचा, "औंदा किती गोल केलेस?" मी पुन्हा मिडफिल्डर समजावायचो. शेवटी त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावला आणि बाजारपेठेत सांगून टाकलं, "आमचा शिवा तिथं अडत्या हाय. ह्याचा माल त्याला देतो."

मग उदारीकरण आलं. गावात केबल आली, रंगीत टीव्ही आले, चौकातल्या टपरीवर परदेशी थंड पेयाच्या बाटल्या आल्या आणि मागोमाग मीही आलो. गिरणीनं आधी टीम बंद केली, मग गिरणीच बंद पडली. माझा उजवा गुडघा त्याच्याही आधी बंद पडला होता.

दुकानात बसायच्या कल्पनेनंच मला धाप लागायची. म्हणून मी मुलांसाठी फुटबॉलचं शिबिर काढलं. आप्पांनी एका उन्हाळ्याची मुदत दिली. पोरं जमली तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं गादी. पोरं जमेनात. ह्यात पुढं नोकरी लागती का, असं पालक विचारायचे आणि माझ्याकडं, म्हणजे नोकरी गेलेल्या माणसाकडं, बघून स्वतःच उत्तर काढायचे. तेव्हा बायकोनं, महानंदानं, तोडगा सुचवला. लोकांनी मला खेळताना बघितलंच नाही, तर ते पोरं पाठवतील कशी? एक सामना ठेवावा.

ठेवला. एका बाजूला माझी मूठभर पोरं. दुसऱ्या बाजूला मी, मेडिकलला शिकणारी हौशी मुलं आणि गोलकीपर म्हणून माझा मेहुणा बंडू. बंडू धारूरचा. उभा-आडवा सारखाच, त्यामुळे निम्मा गोल तो नुसता उभा राहूनच झाकेल असा माझा अंदाज होता. स्वभावानं मात्र फार रीतीचा माणूस. वडीलधारं कुणी दिसलं की हातातलं काम टाकून आधी पाया पडणार.

बाजाराचा दिवस असल्यानं आप्पांना दुकान सोडून यायला उशीर झाला. तोवर खेळ बरोबरीत होता आणि (सांगू नये, पण सांगतो) मी झकास खेळत होतो. लोक वा वा करत होते. शेवटी शेवटी पोरांनी मला घेरलं. गुडघा म्हणाला, आता पुरे. अशा वेळी कुठलाही शहाणा मिडफिल्डर करतो तेच मी केलं. न बघता चेंडू अलगद मागं आपल्या गोलकीपरकडं दिला.

नेमके त्याच क्षणी आप्पा आमच्या गोलमागं येऊन उभे राहिले होते. बहिणीचे सासरे आलेले बघून बंडूनं पाठ फिरवली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. चेंडू त्याच्या शेजारून, कसलीही घाई न करता, आत गेला.

माइकवरचे गुरुजी "गोल!" म्हणून ओरडले आणि लगेच गप्प झाले. मैदानही गप्प. आप्पा तेवढे गप्प नव्हते. त्यांना एवढंच दिसलं होतं की आपल्या पोराच्या पायातून सुटलेला चेंडू जाळीत गेला. जिंकणाऱ्या कप्तानासाठी आणलेला हार घेऊन ते थेट मैदानात शिरले, तो माझ्या गळ्यात घातला आणि मला मिठी मारली. अशी मिठी त्यांनी माझ्या लग्नातसुद्धा मारली नव्हती.

पंच जवळ येऊन हळूच म्हणाले, "आप्पा, गोल पोरांचा झाला."

"पोराचाच की," आप्पा डोळे पुसत म्हणाले. "माझ्याच पोराचा."

खुलासा करायला निघालेल्या मेडिकलच्या मुलांना महानंदानं बायकांच्या घोळक्यातून असे डोळे वटारले की ती जागीच थिजली. संध्याकाळी आप्पांनी बाजारपेठेत पेढे वाटले. सामना बघितलेली माणसं खाली मान घालून पेढा घ्यायची आणि वळणावर जाऊन हसायची.

मला ते सोसवेना. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसताना मी आप्पांना सगळं सांगितलं. ते ताग्याची घडी घालत राहिले.

"मंग हार घालताना काहून न्हाई सांगितलंस?"

"तुमी लई खुश होता, आप्पा."

त्यांनी घडी पुरी केली, तागा फळीवर ठेवला. "होतो खरा," ते म्हणाले. "मंग ऱ्हाऊ दे तसंच. बंडूला मातर सांग, मैदानात पाया पडायचं न्हाई."

असा गोल बघून कोण पोरं पाठवणार, आता गादीचीच तयारी करावी म्हणून मी घरी आलो, तर दारात पालक उभे. एकाचं पोरगं सामन्यापासून फुटबॉलशिवाय बोलतच नव्हतं. ते गृहस्थ मला कौतुकानं सांगत होते, की शाळेत मास्तर कधी हारत न्हाईत, इथं पोरं मास्तरालाच हरवतेत. दुसऱ्या आठवड्यात मैदान भरलं. उन्हाळा सरला तरी शिबिर काही सरलं नाही.

माझी काही पोरं पुढं जिल्ह्याकडून खेळली. मी अजून शिकवतो. सरावाला टीमा पाडायची वेळ आली की पोरं मला अजिबात विसरत नाहीत. दोन्ही कप्तान माझ्याजवळ येतात आणि अत्यंत आदरानं म्हणतात, "सर, तुमी त्यांच्याकडून खेळा."