कुमुदचे उपास

कुमुद गेल्याचा निरोप बराकपूरला, नवऱ्याच्या बदलीच्या गावी आला तशी मी अंगावरच्या साडीनिशी गाडी धरली. कलकत्त्याच्या घरी पोचले, तर दारातच सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "मंगळवारी गेली हो, उपासाच्या दिवशी. पुण्यवान पोर!" माझं डोकंच फिरलं. कसलं डोंबलाचं पुण्य? चोवीस वर्षांची माझी नणंद उपाशी राहून राहून झिजून गेली होती. इथे तिचं नाव बदललं आहे, बाकी काही बदललेलं नाही.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून बघत होते. मंगळवार, शुक्रवार, एकादशी... ताट पुढे आलं की हिचा काही ना काही उपास. सगळे कौतुक करायचे, मी थट्टा करायचे. एकदा आम्ही दोघी एस्प्लनेडला साड्या घ्यायला निघालो आणि भर ट्राममध्ये ती बोलायला लागली. तिथे मराठी कुणाला कळत नव्हतं. घरात सगळ्यांनाच कळायचं. ती तेरा वर्षांची असताना नवरात्रात तिला बाजूला बसायची वेळ आली. पूजेचे देखावे बघायला जाणं हुकेल म्हणून तिने ते लपवलं आणि देवीला माळही घातली. त्याच आठवड्यात, घरी देवीचा पाठ वाचायला येणाऱ्या काकांनी, म्हणजे सासऱ्यांच्या जुन्या स्नेह्यांनी, गच्चीवरच्या खोलीत तिच्यावर जबरदस्ती केली. "देवीने मला शिक्षा केली, वहिनी."

"अगं वेडे, पाप त्या मेल्याचं! तुझं काय चुकलं?"

"ते पाठ वाचतात... देवी त्यांच्यावर कशी रागावेल?"

घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं. "तोंड आवर," त्या म्हणाल्या, "पोरीचं लग्न व्हायचंय." काका येत राहिले. कुमुदच त्यांचं पान वाढायची. लग्नाला ती कधी तयार झाली नाही. मी भांडले, रडले, तिला बळेबळे भरवलं. पण देवी अशी सूड घेणारी नसते, हे मला तिला शेवटपर्यंत पटवता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर, आता ते छातीठोकपणे सांगायची हिंमत माझ्यातही उरलेली नाही.

परवा मंगळवारी माझी धाकटी सुधा जेवायला बसेना. म्हणे, "आत्यासारखा उपास." मी संतापून भाताचा घास तिच्या तोंडात कोंबला. तिने देवघराकडे बघितलं आणि भरल्या तोंडाने विचारलं, "आई, आता देवी मला काय करेल?"

"काही नाही करणार गं," मी म्हटलं.

तिने मान हलवली... पण घास गालातच धरून बसली.